राजमान्य राजश्री एसयूव्हीकर यांस अनावृत पत्र

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेला अख्खा पावसाळा आपण एकाच रस्त्यावर होतो, पण बोलणं म्हणून झालं नाही. माळशेज घाटात तुम्ही आमच्या मागे होतात आणि हॉर्न वाजवत होतात. आम्ही एसटीत होतो. खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेल्या मावशी तुम्हाला आठवत असतील. त्यांना गाडी लागते. तुमच्या काचेचं जे झालं त्याबद्दल त्यांच्या वतीनं दिलगिरी. तेवढं सोडलं तर आजचं पत्र निव्वळ अभिनंदनाचं आहे.

अभिनंदन अशासाठी, की डोंगरापायी हालअपेष्टा सोसायची तुमची तयारी आमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ट्रॅफिक लागू नये म्हणून तुम्ही पहाटे चारला निघता. ट्रॅफिक लागू नये म्हणून बाकीचे सगळेही पहाटे चारलाच निघतात, आणि साडेसहाला तुम्ही सगळे घाटात एकमेकांना भेटता. जाहिरातीत सुळक्याच्या टोकावर एकटी उभी असलेली, चारही चाकांना ताकद देणारी गाडी तुम्ही हप्त्यांवर घेतलीत. पायथ्याच्या खाचरात तीच गाडी रुतते आणि गावचा ट्रॅक्टर तिला ओढून काढतो. ट्रॅक्टरवाला पैसे मोजून घेतो आणि जाताना आपला नंबर देऊन ठेवतो. पुढच्या रविवारी लागणारच.

हे सगळं तुम्ही हसतमुखानं करता. आम्हाला पाहवत नाही ते वेगळंच. गडावर असतानाही तुमचा एक डोळा खाली असतो. गाडीला कुणी घासलं तर नसेल? लॅपटॉप सीटवरच राहिला का? आणि काही झालं तरी गाडी जिथे लावली तिथेच परत यायचं, हा तुमच्या भटकंतीचा पहिला आणि शेवटचा नियम. दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती जेवढं चरेल, तेवढाच तुमचा सह्याद्री. डोंगराला पलीकडची बाजू असते हे तुम्ही फक्त नकाशात बघता.

राजगडाचंच घ्या. आदल्या संध्याकाळी गुंजवण्यात पोचायचं, रात्र गावात काढायची, उजाडताना चोरदरवाजाच्या वाटेनं पद्मावती माची गाठायची. तिथून संजीवनी माचीकडे, अळू दरवाजातून बाहेर, आणि मग डोंगराच्या धारेनं पाय मोडेस्तोवर चालत बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. खाली वेल्हे, वेल्ह्यात पुण्याची एसटी. ह्या सगळ्यात गुंजवण्याला परत जायचं काही कारणच नाही. तुम्हाला मात्र आहे: तुमची गाडी तिथे उभी आहे. मग पायांचे तुकडे पडलेले असताना तुम्ही वेल्ह्यात जीप ठरवता आणि गाडी आणायला डोंगराला वळसा घालून निघता. गाडी माणसाला आणते-नेते अशी आमची आजवर समजूत होती.

नाणेघाटात तर तुम्ही कमालच केलीत. कल्याणला उतरायचं. मुरबाडवरून माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, वैशाखरे मागे पडलं की ‘नाणेघाटाच्या वाटेला थांबवा’ म्हणून कंडक्टरला सांगायचं. तिथून रानातनं वर. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या, मग लेणं, लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरचा माल ह्या वाटेनं जुन्नरकडे चढत असे. चढून आलेला माणूस पुढे जात असे. आम्हीही जातो: जीवधन उजवीकडे ठेवून घाटघर, आणि तिथून जुन्नर. तुम्ही जुन्नरकडून थेट पठारावर गाडी आणता, उलटा धबधबा बघता, भाजलेलं कणीस खाता आणि जुन्नरलाच परत. ह्या घाटानं बैलांचे तांडे पाहिले, व्यापारी पाहिले, भिक्षू पाहिले. पण खालून न चढता आणि खाली न उतरता, तोंडाशी येऊन यू-टर्न मारणारे तुम्हीच पहिले. सातवाहनांना तुमच्याकडून जकात कशाची घ्यावी हे समजलं नसतं.

भीमाशंकरबद्दल फार लिहीत नाही, उगाच जीव जळेल. कर्जतपर्यंत लोकल, खांडसहून शिडी घाटानं किंवा बायकामुलं बरोबर असतील तर गणेश घाटानं वर, अभयारण्यात नशिबात असेल तर शेकरू, देवळात दर्शन, आणि समोर पुण्याला जाणारी एसटी. सकाळी कोकणात वडापाव आणि रात्री देशावर पिठलं-भाकरी. गाडीसाठी माघारी वळणाऱ्या तुम्हाला हे जमायचं नाही, मायलेज कितीही असो.

तुम्हाला मुक्कामाची गाडी ठाऊक नसावी, म्हणून सांगतो. तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी शेवटची गाडी सुटते, ती रस्ता संपतो त्या गावाला रात्री थांबते आणि पहाटे पहिली गाडी होऊन माघारी येते. आम्हा लोकांचा निम्मा सह्याद्री ह्या एका गाडीवर चालतो. तिच्यात काय काय असतं! दुकानदाराची बिस्किटांची खोकी, रिवाइंड करून आणलेली विहिरीवरची मोटर, कुणाच्या म्हातारीची औषधं (ही ड्रायव्हरच्या पुढ्यात, काचेजवळ), कॉलेजच्या पोरी, आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना लागणाऱ्या आमच्या सॅक. ‘ट्रेकवाले का? त्या बॅगा मागं सरका की,’ असं आमचं स्वागत होतं. बाजूला बसलेले बाबा विचारतात, कुठं निघालाव? सांगितलं की म्हणतात, ‘त्या खिंडीनं नका जाऊ, परवाच्या पावसात दरड आलीया. आमच्या पोराला संगती देतो, तो कड्याखालनं काढंल.’ तुमच्या डॅशबोर्डवरच्या बाईला ही दरड माहीत नसते. ती शेवटपर्यंत ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणत राहते आणि डावीकडे कुणाचा तरी गोठा असतो.

गावात पोचल्यावर ड्रायव्हर चाकाला दगड लावतो आणि नळावर तोंड धुतो. कंडक्टर पायरीवर बसून, मोबाईल दातांत धरून त्याच्या उजेडात नोटा लावतो आणि तिकिटाच्या मशीनशी हिशोब जुळवतो. सुट्ट्याचे पाच रुपये कमी भरले की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही देवळात पथाऱ्या टाकतो. सकाळी निघताना तोच कंडक्टर सांगतो, पलीकडच्या गावातून परतीची गाडी चारला आहे, तिच्या मागे काही नाही. झालं, आमचा दिवस आखला गेला. चारची गाडी चुकवायची नाही म्हणजे दोनला गड सोडायचा. तुमची गाडी मात्र तुमच्यासाठी रात्रीपर्यंत थांबायला तयार असते, म्हणून तुम्ही सूर्यास्ताचे फोटो काढून उतरायला लागता आणि निसरड्या पायऱ्यांवर एका मोबाईलच्या उजेडात सातजण एकमेकांना ‘जपून रे’ म्हणत असता.

आता जरा अभिनंदन बाजूला ठेवतो. एसटीला वळायला जागा लागते. शेवटच्या गावात ती जागा बहुतेक देवळापुढचं मैदान असतं किंवा शाळेसमोरचा चौक. रविवारी तिथे तुम्ही असता. दोन गाड्या झाडाखाली, एक शाळेच्या दारात, एक तिरकी, कारण सरळ लावली तर दार उघडत नाही. मग ड्रायव्हर गाडी आत आणतच नाही, अलीकडच्या फाट्यावरूनच वळवतो. आम्ही चालायलाच आलेलो असतो, आम्हाला तीन किलोमीटर जास्तीचे मिळाले तर खंत नाही. पण औषधाची पिशवी घेतलेल्या बाईला तेवढंच अंतर पावसात तुडवावं लागतं, ते तुमच्यामुळे. तुम्ही तेव्हा वर असता आणि निसर्गाच्या सान्निध्यात मन कसं शांत झालं हे स्टेटसला लिहीत असता.

तुमचीही बाजू आहे, नाही असं नाही. आई थकलेली असेल, बरोबर तान्हं मूल असेल, तर गाडी काढा, कुणी काही म्हणणार नाही. पण गेल्या रविवारच्या तुमच्या सात गाड्यांत मिळून तेरा माणसं होती आणि तेराच्या तेरा ठणठणीत होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तिनंही एका खेपेला ह्याहून जास्त माणसं नेली असतील.

‘एसटीचा भरवसा काय?’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. वाडीवर जाणाऱ्या गाड्या मोजक्या असतात, हे कबूल. पण ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ म्हणणारं वाहन दुसरं दाखवा. आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे वहिनींचा खर्च तुमच्या खर्चाच्या निम्मा. त्या कधीच्या तयार आहेत. मागे एकदा माळशेजच्या कोंडीत आमच्या गाडीकडे बघत तुम्हाला काहीतरी म्हणाल्या, आणि तुम्ही आवाज वाढवून गाणं लावलंत, हे मावशींनी पाहिलंय.

एखाद्या शनिवारी या तर खरं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तोंड घालून विचारायचं, फळ्यावरची वेळ वाचून तिच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, शेजारच्या चहावाल्याला पुन्हा विचारायचं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून चालू आहे; रुमाल नसेल तर तुमची ती महागडी टोपी चालेल. पाण्याची बाटली आणा. ट्रेकिंग पोल आणलेत तर ते आडवे धरू नका, मधल्या वाटेत लोक अडखळतात आणि मग मोठ्या आवाजात, बोलीभाषेत तुमचं कौतुक होतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या बाकावरचा एक

ता. क. : हे पत्र वायपरखाली खोचून ठेवतोय, कारण आपण वर गेल्याचं कळलं. पांढऱ्या गाडीचे मालक आपणच असाल तर कृपया लवकर खाली या. मुक्कामाची गाडी फाट्यावर खोळंबलीय, ड्रायव्हर इकडेच चालत येतोय आणि त्याच्याबरोबर मावशीही आहेत.