शाईच्या पेनांचे निर्लेखन : सेवानिवृत्तांसाठी कार्यपद्धती

शाईचे पेन जमवण्याचा सेवानिवृत्तोत्तर विकार मुख्यतः सहीवर जगलेल्या माणसांत आढळतो. राजपत्रित अधिकारी, बँकेचे शाखा व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक यांना त्याचा विशेष धोका असतो. शेतकरी व किराणा दुकानदार यांच्यात तो जवळजवळ दिसत नाही, कारण त्यांना कोणी निवृत्त करत नाही.

विकाराचे मूळ पेनात नसून सहीत आहे. नियत वयोमान, म्हणजे राज्य सरकारात बहुतेकांना ५८ आणि केंद्रात ६०, पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळपर्यंत ज्याच्या लघुस्वाक्षरीवाचून नस्ती हलत नाही, त्याची सही दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवालाही मागत नाही. पूर्वी अशा अधिकाऱ्याला सोसायटीतल्या मुलांच्या गुणपत्रिकांवर हिरव्या शाईने ‘सत्यप्रत’ करून देण्याची आठवण तरी काढता येई. २०१४ नंतर स्वयंसाक्षांकन रूढ झाले आणि तीही आठवण निरर्थक ठरली. आता दहावीतला मुलगा आपल्या गुणपत्रिकेचा राजपत्रित अधिकारी स्वतःच असतो. उरला होता तो नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ योजना आली आणि दाखल्यासाठी अंगठा पुरू लागला, पुढे नुसता चेहराही चालू लागला. हयात असण्यासाठीसुद्धा पेन लागत नाही हे उमगल्यावर माणूस जो पहिला पेन विकत घेतो, तेथून विकाराची सुरुवात धरावी.

लागण मात्र त्याआधी झालेली असते. निरोप समारंभात शाल व श्रीफळाबरोबर मखमली डबीतून एक पेन दिला जातो. ज्याला यापुढे काही लिहायचे नाही अशाच माणसाला समाज पेन का देतो, याचा खुलासा कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. पाठोपाठ निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूळ निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतची रक्कम अशी एकदम उचलता येते आणि कापलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. मोकळी दुपार आणि हाती आलेली रक्कम यांचा योग इथे जुळतो.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेत परवडला नव्हता तो हिरो येतो. मग १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ चा शोध सुरू होतो, कारण तो साहेबांच्या खिशात पाहिलेला असतो. त्यानंतर राजमहेंद्रीच्या रत्नम पेनवाल्यांचा स्वदेशी इतिहास पाठ होतो आणि पाहुण्यांना इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, हे चहाआधी सांगितले जाते. शेवटी रोगी शाईकडे वळतो. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करून ज्या उद्योगाचा पाया घातला, त्याची परिणती निळ्या रंगाच्या नऊ छटांत आपल्या कपाटात व्हावी, असे त्याला वाटू लागते. या अवस्थेत बचावाचा ठरावीक युक्तिवाद ऐकू येतो : माँ ब्लाँ कंपनीने २००९ मध्ये दांडीयात्रेच्या २४१ मैलांसाठी २४१ पेन काढले, त्यांतल्या एकेकाची किंमत ११ लाखांवर होती, आपला तर साडेचारशेचा आहे. साधेपणाचा एवढा महाग दाखला दुसरा नसल्याने घरचे गप्प बसतात. त्यांनी बसू नये.

रूढ उपायांपैकी बंदी निरुपयोगी आहे. बंदी घातलेला पेन औषधांच्या पिशवीतून घरात येतो. नातवंडांना पेन वाटणे त्याहून वाईट. नातू निब भिंतीवर चालवून पाहतो आणि आजोबा ‘तसाच’ दुसरा आणतात. संग्रहाची यादी करणे हा उपाय तर रोगच वाढवतो, कारण कंपनी आणि रंगवार यादी केली की आहे त्यापेक्षा नाही तेच दिसते. तपकिरी पेन नसल्याचे यादी होईपर्यंत कोणालाही दुःख नव्हते.

खरा उतारा रोग्याच्या नोकरीतच आहे. ज्या कार्यपद्धतीने त्याने तीस वर्षे इतरांच्या खरेद्या रोखल्या, तीच त्याला लागू करावी. प्रथम जडवस्तू संग्रह नोंदवही उघडावी. तीत पेनाचे नाव व रंग यांना रकाना नसावा. खरेदीचा दिनांक, कुटुंबास सांगितलेली किंमत, प्रत्यक्ष किंमत आणि प्रयोजन एवढे चारच रकाने पुरेत. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यातील तफावतीबद्दल लेखी खुलासा मागवावा. चौथा रकाना भरताना हात थांबतो. ‘कार्यालयीन वापर’ लिहिता येत नाही, आणि ‘आवड’ हे प्रयोजन त्याने स्वतःच कधी मंजूर केलेले नसते.

यानंतर प्रत्येक नव्या पेनासाठी रीतसर प्रस्ताव सादर करायचा. पत्नी हा वित्त विभाग समजावा. प्रस्तावासोबत तीन दरपत्रके, विद्यमान साठा अपुरा असल्याचे प्रमाणपत्र आणि मागील खरेदीचे उपयोगिता प्रमाणपत्र जोडावे. वित्त विभागाने प्रस्ताव कधीही नामंजूर करू नये. नकाराने जिद्द पेटते. तो त्रुटी काढून परत पाठवावा. दरपत्रके बंद लिफाफ्यात नाहीत, एवढी त्रुटी पहिल्या खेपेस पुरते. दुसऱ्या खेपेस ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून चर्चेला वेळ देऊ नये. एक एप्रिल उजाडला की तरतूद व्यपगत होते आणि नस्ती नव्याने सुरू करावी लागते. अनुभवी अधिकाऱ्याला यात अन्याय वाटत नाही, उलट त्याचा चेहरा खुलतो. कित्येकांना पेनापेक्षा हा पत्रव्यवहारच हवा होता असे आढळून येते, आणि तो मात्र हाताने लिहिण्याचा आग्रह धरावा.

विद्यमान साठ्यावरचा इलाज अधिक कष्टाचा आहे. संग्रहातला प्रत्येक पेन शाईने भरून ठेवायचा, ही एकच अट घालावी. शाई निबच्या चिरेतून केशाकर्षणाने उतरते. पेन आठवडाभर पडून राहिला की पाणी उडते, रंग निबखालच्या जिभेच्या खाचांत वाळतो आणि पेन बंद पडतो. मग तो उघडून कोमट पाण्यात भिजवावा लागतो. पाणी कढत नसावे, इबोनाइट आणि सेल्युलॉइड वाकडे होतात. ड्रॉइंगची काळी शाई भरली असेल तर तिच्यातली लाख पेनाचा कायमचा निकाल लावते. जुन्या पेनातली रबरी पिशवी बहुधा आधीच चिकट झालेली असते. एक पेन साफ व्हायला अर्धी दुपार आणि एक बनियन लागते. चाळीस पेन असलेल्या माणसाला दोनच वाटा उरतात : रोज लिहिणे किंवा रोज धुणे. रोज लिहिणारा तीन-चार पेनांवरच स्थिरावतो, कारण हाताला जुळणारी निब तेवढ्यांतच असते. रोज धुणारा पावसाळ्याच्या आत शरण येतो.

काय लिहावे हा प्रश्न गौण आहे. वाण्याची यादी, भावाला पत्र, महापालिकेकडे गटाराबद्दल अर्ज यांपैकी काहीही चालेल. आत्मचरित्र टाळावे, त्याने नवा आजार जडतो आणि तो नातेवाइकांना वाचावा लागतो.

रोग उलटण्याची शक्यता पेनांच्या प्रदर्शनात सर्वाधिक असते. ‘नुसते बघायला’ जाणाऱ्यासोबत वित्त विभागाचा प्रतिनिधी असावा आणि पाकीट त्याच्याकडे असावे.

शेवटचा टप्पा निर्लेखनाचा. जे पेन वर्षभरात दोनदा धुवावे लागले पण एकदाही लिहिले गेले नाहीत, ते समितीपुढे ठेवून वापरणाऱ्याला द्यावेत. कापलेल्या निबने देवनागरी गिरवणारे विद्यार्थी आणि सुलेखनाचे वर्ग यांना त्यांचा उपयोग होतो. निरोप समारंभाचा पेन निर्लेखनातून वगळावा, तो सहसा चालतच नाही. सेवानिवृत्तास तीन पेन पुरेसे आहेत : एक निळ्या शाईचा, एक काळ्या शाईचा, आणि एक हिरव्या शाईचा, जो फक्त घरच्या नोंदवहीत शेरे मारण्यासाठी वापरावा. चौथ्या पेनाच्या बाबतीत वित्त विभागाचा निर्णय अंतिम राहील.