पुढाकाराचे टक्के

सार्वजनिक प्रश्न सोडवण्यासाठी प्रत्येक नागरिकाने पुढाकार घ्यावा, हा उपदेश सर्वांना सारखाच लागू असतो असे मानले जाते; प्रत्यक्षात ज्याचे नुकसान झाले आहे, त्याला तो अधिक तत्परतेने लागू होतो. न्हावा शेवा येथे 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरासाठी आणि पुढे त्याच्या विस्तारासाठी भराव, म्हणजे खाजणात व उथळ समुद्रात माती-दगड टाकून केलेली जमीन, वाढत गेला, भरतीच्या पाण्याच्या वाटा आक्रसल्या आणि माशांच्या पिलांना आसरा देणाऱ्या तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, हानी झाली. ही हानी मोजणे, पुरावे जमवणे आणि पर्यावरणविषयक तंट्यांसाठी 2010च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे ते मांडणे, ही कामे अर्थातच परंपरागत मच्छीमारांकडे आली, कारण जाळी रिकामी येऊ लागल्यावर त्यांना सवड मिळाली असावी, असा समाजाचा समज होता. न्यायाधिकरणाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी 1630 कुटुंबांसाठी सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई ठरवली आणि तिचा भार बंदर प्रशासन, नवी मुंबई वसवणारे सिडको व तेल-वायू उत्खनन करणारे ओएनजीसी यांच्यात टक्केवारीने वाटला. मच्छीमारांच्या पुढाकाराचे टक्के मात्र कोणी काढले नाहीत. तो संपूर्ण त्यांचाच, हे बहुधा गृहीत धरले गेले.