विषय : तळहात फाटल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

प्रति,
शिरूर व दौंड तालुक्यातील समस्त जिमवीर,
मुक्काम पोस्ट स्टेटस.

संदर्भ : आपण काल रात्री पावणेबाराला टाकलेला उजव्या तळहाताचा फोटो.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या तळहाताची निघालेली साल, तिच्याखालचं लालबुंद मांस आणि कडेला चिकटलेली पांढरी पावडर हे सर्व आम्ही मोबाइल आडवा-उभा करून पाहिलं. जेवायला बसल्यावर पाहिलं, ही आमची चूक. खाली आपण ‘मेहनतीची पावती’ असं लिहिलंय. त्यावर शंभरेक जणांनी आगीची चित्रं पाठवली आहेत. आग होत असणार हे सगळ्यांनी ओळखलं, मलम मात्र कुणीच पाठवलं नाही.

आमचा आक्षेप ‘पावती’ या शब्दाला आहे. पावती म्हणजे काहीतरी पोचल्याची नोंद. इथे सोमवारी हात फाटतो, मंगळवारी रॉडला हात लावता येत नाही, बुधवारी गाडीचा ॲक्सिलरेटर डाव्या हाताने पिळावासा वाटतो, आणि गुरुवारी वरणभात चमच्याने खावा लागतो. याला आमच्या खात्यात पावती म्हणत नसत, रजेचा अर्ज म्हणत. रजेचे अर्ज मी ३१ वर्षं वाचले आहेत. वाचून विश्वास बसला असे फार थोडे.

ओळख द्यायची राहिली. राहायला दौंडला, नोकरी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत, विषय मराठी, आणि येण्या-जाण्याचा रस्ता चौफुला-न्हावऱ्याचा. आपल्यापैकी निम्मे माझ्या हाताखालून गेलेत. माझ्या अंगावर घट्टा एकच, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर. आपल्या निबंधांवर लाल पेन चालवून पडलेला. निवृत्तीनंतर तो मऊ व्हायला लागला होता, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “सर, साखर काठावर आलीय. नुसतं चालून भागायचं नाही, वजनं उचला.” मग गेल्या पावसाळ्यात कुरकुंभ मोरीपलीकडच्या एका जिममध्ये नाव घातलं. मोरीत पाणी नसेल त्या दिवशी जायचं, असा निश्चय केला. पावसाळ्यात तो पाळायला फार सोपा गेला.

पहिल्याच आठवड्यात पाहिलं, पोरं हाताला पांढरी भुकटी चोळतात. म्हटलं, हा तर आपला प्रांत! दुसऱ्या दिवशी घरातलं खडूचं खोकं घेऊन गेलो, दोन कांड्या कुटल्या आणि तळहाताला फासल्या. घामाबरोबर त्याची अशी लापशी झाली की रॉड हातातून साबणाच्या वडीसारखा सटकला. पोरांची भुकटी मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. ती घाम शोषते. फळ्याचा खडू जिप्समचा नाहीतर चुनखडीचा. त्याने शंभर किलो लिहिता येतात, उचलता येत नाहीत. तोंडाला लावायची टाल्कम पावडर तर त्याहून वाईट. घसरावं म्हणूनच ती असते.

तिसऱ्या महिन्यात, डेडलिफ्टच्या चौथ्या सेटला, माझीही साल निघाली. अनामिकेच्या मुळाशी. मला वाटायचं टर्रकन आवाज येत असेल. काही नाही. आधी गरम लागलं, मग ओलं लागलं. रॉड खाली ठेवला तेव्हा त्याच्या खरखरीत नक्षीत कांद्याच्या आतल्या सालीसारखा एक पापुद्रा अडकलेला दिसला. तो माझा होता हे कळायला क्षणभर वेळ लागला.

दोष रॉडचा नव्हता. नक्षी कोरलेली असते ती हात सरकू नये म्हणून. मी रॉड धरत होतो तळव्याच्या मधोमध, लाटणं धरावं तसा. वजन जमिनीवरून सुटलं की असा धरलेला रॉड बोटांकडे ओघळतो आणि वाटेत बोटांच्या मुळाशी असलेल्या कातडीची चुणी करून तिला चिमटा काढतो. रोज तीच चुणी, रोज तोच चिमटा. शरीर तिथे केराटिनचे थर चढवत जातं, तो घट्टा. इथवर सगळं आपल्या भल्याचंच चाललेलं असतं. पण थर चढत चढत घट्ट्याला कड आली, की रॉड कातडीऐवजी त्या कडेलाच धरतो आणि एके दिवशी झाकण उघडावं तसा अख्खा घट्टा उचलतो.

फोडाची तऱ्हा निराळी. तो घाईचा माल. महिनाभर दांडी मारून एका संध्याकाळी सगळे पुलअप वसूल करायला गेलात, की वरची कातडी रॉडबरोबर राहते आणि आतली हाडाबरोबर जाते. मधले थर सुटतात आणि फटीत पाणी भरतं. घामेजलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते, त्यामुळे दौंडच्या एप्रिलमध्ये हे काम निम्म्या वेळात उरकतं.

तेव्हा रॉड पहिल्यापासूनच बोटांच्या मुळाशी, तळवा संपतो त्या घडीवर ठेवावा आणि मग मूठ मिटावी. ओघळायला जागाच ठेवू नये. हे मला जिममध्ये कुणी सांगितलं नाही; तिथे सगळे आरशात बघण्यात गुंतलेले असतात. खरं तर तळहात कसा सांभाळतात हे मी वीसेक वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा, दोन्ही कारखान्यांची धुराडी भडकलेली असायची त्या दिवसांतली गोष्ट. रस्त्यात टायरगाड्यांच्या रांगा, शाळेत हंगामापुरती आलेली ऊसतोडीची पोरं. त्यातल्या एका मुलीची आई कसल्याशा फॉर्मवर अंगठा द्यायला आली. शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला. नुसता निळा डाग. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. रेषा झिजून गेल्या होत्या. शिपायाने अंगठा पुसायला तिचा हात उलटा केला आणि तळवा माझ्यासमोर आला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे, चिंचोक्यांसारखे, पिवळट, गुळगुळीत. एकालाही कड नाही, भेग नाही.

“हे फुटत नाहीत का?” मी विचारलं. ती हसली. पिशवीतला कोयता काढून तिने मूठ दाखवली. आत जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा रबर घट्ट गुंडाळलेला. घट्ट्याची कड उचलली की ती रात्री पाण्यात हात भिजवून दगडावर घासून टाकायची आणि वर गोडेतेल. “फुटला तर खाडा पडतो, गुरुजी,” एवढंच म्हणाली.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकाचा हात गेला की कोयताच अर्धा होतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. तिच्या भाषेत उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी फिटल्याशिवाय टोळीतून सुटका नाही. आपली उचल आपण त्याच रात्री स्टेटसला टाकून मोकळे होता.

ऊसतोडीचं सोडा, आपल्याला पदकंच हवीत ना? मग आपल्याच जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडचं घ्या. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला तिने ४५ किलो गटात स्नॅचला ७० आणि क्लीन अँड जर्कला ८३, असे एकूण १५३ किलो उचलले आणि ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेतलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. या खेळात प्रत्येकाला तीन आणि तीन अशा सहाच उचली मिळतात. पहिलीला हात फाटला तर उरलेल्या पाच कशाने करायच्या? म्हणून ही मंडळी अंगठ्याला टेप लावतात, घट्टे घासून सपाट ठेवतात. पंच तळहात बघून किलो वाढवून देत नाहीत.

आता आपल्या फोटोखालच्या वैद्यकीय सल्ल्यांकडे वळतो. हळद, टूथपेस्ट, तंबाखू, आणि एका महाभागाने सुचवलेला झटपट चिकटणारा डिंक. तालमीची लाल माती लावा म्हणणाऱ्या काकांना साष्टांग नमस्कार. त्या मातीत ताक, तेल, हळद असते हे कबूल, पण चाळीस पैलवानांचा घामही असतो. आणि धनुर्वाताच्या जंतूचं तर मातीतच घर.

पोरांनो, (हे ‘महोदय’ मला फार वेळ झेपत नाही) जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. ओरडायचं असेल तर ओरडा, नळ बंद करू नका. लोंबणारी मळकी साल स्वच्छ कात्रीने कापा, ओढू नका. पातळ पेट्रोलियम जेली, वर न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आईला विचारा, तिला तारखेनिशी पाठ असतं. फोड लहान असेल तर त्याला हातच लावू नका. मोठा ठणकत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी जाऊ द्या, वरचं छप्पर मात्र राहू द्या. त्याहून चांगली पट्टी कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. लाली पसरायला लागली, पू झाला, ताप आला तर डॉक्टर. साखर असलेल्यांनी मात्र पू होण्याची वाट न बघता पहिल्याच दिवशी. मी गेलो होतो. डॉक्टरांनी हात बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, “सर, वजनं उचला म्हणालो होतो, सोला नव्हे.”

एरवीचं काम थोडंच. व्यायाम झाला की भुकटी धुऊन टाकायची, नाहीतर कातडी कोरडी पडून भेगाळते. आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात हात भिजवून घट्ट्यावरून वजरी फिरवायची. कड बसेपर्यंतच, घट्टा पार उडवलात तर पुढच्या सोमवारी फोडापासून श्रीगणेशा. रात्री खोबरेल. ब्लेडने तासायचं नाही. पायाच्या कुरुपाची औषधी पट्टीही नको, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीसुद्धा खातं. हातमोज्यांबद्दल बरेच जण विचारतात. घाला. पण रॉड जाड होतो, पकड ढिली पडते, आणि धरण्याची पद्धत चुकीची असेल तर तीच चुणी आता मोज्याच्या आत पडते.

घट्ट्यांचंच म्हणाल तर चौफुल्याच्या लावणीच्या थिएटरातल्या ढोलकीवाल्याची बोटं कधी जवळून पाहिलीत का? बायकोला कळू नये म्हणून मीही लांबूनच पाहिली आहेत, तेव्हा तो मुद्दा इथेच सोडतो.

कळावे,
आपला विश्वासू,
(सही डाव्या हाताची आहे. जुळत नसल्यास परत पाठवू नये.)

ता. क. : वजरी प्रत्येकाने आपापली घ्यावी. आमच्या बाथरूममधली टाचांसाठी राखीव होती, हे मला पत्र लिहायला बसल्यावर समजलं.