कॅप्टनच्या घरी पाहुणी आली

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले का? मग या जरा भिंतीशी. एक झकास भानगड सांगायचीय. नाही हो, आपल्या गल्लीतली नाही, मार्लिनस्पाइकच्या वाड्यातली.

नातू सुट्टीत आला आणि टिनटिनचा अख्खा गठ्ठा इथेच टाकून गेला. आवरायला घेतला आणि तिथेच फतकल मारून वाचत बसले. टिनटिन म्हणजे कपाळावर केसांचा तुरा असलेला तो वार्ताहर पोरगा, बरोबर पांढरा कुत्रा. बेल्जियमच्या एर्जेनं 1929 साली काढायला घेतला. पोरगं कुठे जात नाही ते विचारा! चीन झालं, तिबेट झालं, चंद्रावरसुद्धा जाऊन आला, आणि तेही आर्मस्ट्राँगच्या कितीतरी आधी. तिबेटच्या वाटेवर दिल्लीला उतरतात, तिथे बोळात गाय आडवी बसलेली. टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक तिला ओलांडायला जातो आणि ती उठून त्याच्यासकट धूम ठोकते. हसून हसून पुरेवाट झाली माझी.

पण मला विचाराल तर खरी बहार आहे ‘द कास्टाफिओरे एमरल्ड’मध्ये. 1963 सालचं पुस्तक. कुणी कुठे जात नाही, कुणी बंदूक रोखत नाही. 62 पानं नुसता घरचा गोंधळ. बाकीच्या पुस्तकांत जे होतं ते सिनेमात होतं, ह्यातलं सगळं आपल्याकडे होतं.

मार्लिनस्पाइकच्या वाड्यात, म्हणजे कॅप्टनच्या घरी, जिन्याची एक पायरी फुटलीय. संगमरवराची. कॅप्टन गवंड्याला फोन करतो, तो म्हणतो उद्या येतो. उद्या फोन केला की परवा. काय हसताय? तुमच्या फरशीवाल्याची आठवण झाली ना? मलाही झाली. त्या पायरीवरून घरातलं एकेक माणूस आपटतं. शिवाय फोन लावला की लागतो खाटकाच्या दुकानात, आणि खाटकाची गिऱ्हाइकं मटणासाठी फोन करतात कॅप्टनला.

अशात तार येते, की गायिका कास्टाफिओरेबाई मुक्कामाला येतायत. कॅप्टनला बाई डोळ्यांसमोर नको. पळून जायचं म्हणून जिन्यावरून धावत सुटतो आणि पाय मुरगळून बसतो! आता प्लास्टर घालून चाकाच्या खुर्चीत, आणि बाई दारात. बरोबर मोलकरीण, पियानो वाजवणारा, आणि कॅप्टनला भेट म्हणून पोपट. पोपट पहिल्या भेटीतच बोटाला चावतो. बाईंना यजमानाचं नावसुद्धा धड घेता येत नाही, कधी बार्टॉक तर कधी फॅटस्टॉक. मात्र गंमत बघा, त्या फुटक्या पायरीवरून बाई एकदाही घसरत नाहीत. अशी माणसं असतात हो.

मग येतात मासिकवाले. वाड्यातच राहणाऱ्या प्रोफेसर कॅल्क्युलसना कमी ऐकू येतं. विचारलं एक, उत्तर दिलं भलतंच, आणि छापून काय आलं? कॅप्टन आणि बाईंचं लग्न ठरलं! अभिनंदनाच्या तारा काय, दारात बँड काय. नवरदेव बिचारा खुर्चीत बसून लालबुंद. एर्जेनं ती चित्रं काढलीत ना, माणसं एका चौकटीत दाटीवाटीनं कोंबलेली, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. कुणीच कुणाचं ऐकत नाही हे नुसत्या चित्रातून कळतं.

आणि मग बाईंचा पाचू गायब. झालं! बोट कुणाकडे? वाड्याच्या कुरणात जिप्सींचा तळ पडलाय. पोलिसांनी त्यांना उकिरड्याशेजारची जागा दिलेली, म्हणून कॅप्टननंच त्यांना आपल्या जागेत बोलावलं होतं. आपल्याकडे नाही का, गावाबाहेर पालं उतरली की कोंबडी हरवली तरी संशय त्यांच्यावरच. त्यातून ते तळ हलवून निघून गेले, आणि सामानात मोलकरणीची सोन्याची कात्री सापडली. थॉमसन आणि थॉम्पसन, ते दोन सारख्या मिशांचे पोलीस, एकदम खूश. आणि ती माणसं निर्दोष ठरली तेव्हा त्यांना आनंद व्हायचा, तर झालं दुःख! कधी नव्हे ते गुन्हेगार पकडले आणि तेच निरपराध निघाले म्हणून. मुलांचं पुस्तक म्हणतात ह्याला.

चोर कोण, ते नाही सांगणार. बरं, एवढंच सांगते, की बाई मिलानला रोसिनीचा कुठला ऑपेरा गातात त्यावर लक्ष ठेवा. टिनटिनला तिथूनच सुचतं. नाही, पोपट नाही! पण तुम्ही जवळ आलात.

न्या ना वाचायला. मुखपृष्ठावर टिनटिन ओठावर बोट ठेवून उभा आहे बघा, तेच पुस्तक. इंग्रजी सोपं आहे, अडलं तर चित्रावरून कळतंय. भाजी निवडताना नका हातात घेऊ मात्र, नातू पानन् पान तपासतो.

पायरीचं? येतो की गवंडी, अगदी शेवटी. बसवतो पायरी, आणि मग कॅप्टन… नको, ते तुमचं तुम्हीच वाचा. आधी तुमच्या फरशीवाल्याला फोन लावून बघा, उचलला तर माझ्या मोरीचंही विचारा.