घोडा काही हरला नाही

इंडियन सेंट लेजर पुण्याच्या रेसकोर्सवर सप्टेंबरात होते. अंतर २८०० मीटर. घोड्यांना ते कापायला तीन मिनिटं लागतात. आमच्या मांजरी गावातल्या माणसांना त्यावर बोलून संपवायला दिवाळी उजाडते. मधे पितृपंधरवडा होतो, घट बसतात, दसऱ्याचं सोनं वाटून होतं, तरी फेव्हरिट तिसरा कसा आला हा प्रश्न जागच्या जागी. तो फेव्हरिट कोण, हे मी इथे सांगत नाही. घोड्याला वाचता येत नाही हे खरं, पण त्याच्या मालकाला येतं.

रेस पुण्याच्या कॅम्पात आणि चर्चा मांजरीत, असं का, हे बाहेरच्याला कळत नाही. रेसकोर्सवर घोडा फक्त धावतो. जन्माला तो आमच्या बाजूला येतो. हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात स्टड फार्म जुने आहेत, पूनावालांचं तर १९४६ सालचं. ऊस, द्राक्षं, कोबी आणि थरोब्रेड ही इथली मुख्य पिकं. उसावरचं संशोधन वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये चालतं, द्राक्षांवरचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आणि घोड्यांवरचं आमच्या चहाच्या टपरीवर. पहिल्या दोन ठिकाणी निष्कर्ष निघतात.

टपरीवरची ही मंडळी मुळात एकमेकांना भेटली ती रेल्वे फाटकापाशी. मांजरीचं फाटक एकदा पडलं की माणसाला शेजारच्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसे. मालगाडीचे डबे मोजून झाले की विषय घोड्यावर यायचा. पुढे २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेली आणि आम्ही कागदोपत्री पुणेकर झालो. म्हणजे मत होतंच. आता ते ठामपणे मांडायचा हक्कही मिळाला.

मंडळी चार. स्टड फार्मवर आयुष्यभर सईस म्हणून राबलेले आबा. बँकेतून निवृत्त झालेले काका, ज्यांच्याकडे रेसची जुनी ‘कोल’ पुस्तकं सालवार बांधून ठेवलेली आहेत. कोबी आणि बैलगाडा यांत सारखंच भांडवल घालणारे बापू. आणि इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, जो प्रत्येक वाक्याआधी मोबाइल बघतो. मी ऐकतो. चौघांपैकी एकालाही श्रोता नको असतो, पण साक्षीदार सगळ्यांना हवा असतो.

पहिला बळी अर्थातच जॉकी. त्याने घोडा फार लवकर सोडला, असं काकांचं म्हणणं. फार उशिरा सोडला, असं विद्यार्थ्याचं. दोघेही पुरावा म्हणून एकाच मोबाइलवरचं तेच चित्रण दाखवतात. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी जिंकल्या. परवा ते पाठीवर असते तर काय झालं असतं, हे टपरीवर अनेकदा सिद्ध झालं आहे. जवळजवळ अर्ध्या टनाचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगात असताना, पुढे चार घोड्यांची भिंत असताना, पन्नास-बावन्न किलोच्या माणसाने नेमक्या कोणत्या क्षणी बाहेरून काढायला हवं होतं, याचा निवाडा जे काका करतात, त्यांना स्वतःची स्कूटर मधल्या स्टँडवर चढवायला टपरीवाल्याचा पोऱ्या लागतो.

जॉकीला फाशी देऊन झाली की जमीन येते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, मुंबईचा हिवाळ्यातला. त्यामुळे महालक्ष्मीला हिरा ठरलेला घोडा पुण्याच्या ओल्या हिरवळीवर एकदम साधा दिसू शकतो. हिरवळ किती मऊ, हे मोजायला पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. सळई जमिनीत किती रुतते ते त्यावर दिसतं आणि तो आकडा जाहीरही होतो. विद्यार्थी तो आकडा वाचून दाखवतो. बापूंना तो मान्य नसतो.

“यंत्र काय सांगतंय? वाफसा न्हवता,” बापू म्हणतात. “वाफसा नसताना आम्ही तिफण घालत न्हाय, अन् तुम्ही एवढा लाखाचा घोडा घातला.”

काका समजावतात की घोडा धावायला घातला होता, पेरायला नव्हे. पण तोवर बापूंनी टाचेने टपरीसमोरची माती उकरून रेसकोर्सवरची ओल किती असेल याचा अंदाज दिलेला असतो. मधे दहा-बारा किलोमीटर आणि अख्खं हडपसर आहे, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ.

मग वजन. क्लासिक शर्यतीत नर शिंगरं ५७ किलो वाहतात आणि फिलींना दीड किलोची सूट असते. या दीड किलोवर काकांनी जितका श्वास खर्च केला आहे, तितक्यात एखादा कीर्तनकार एकादशी उरकेल. दीड किलो म्हणजे किती लांबी, लांब पल्ल्याला ते अंगावर कसं येतं, शेवटच्या फर्लांगात त्याचे दहा किलो कसे होतात, वगैरे. हेच काका बाजारातून आणलेला बटाटा घरी पाव किलो कमी भरला तर “काट्यात फरक असायचाच” म्हणून सोडून देतात.

आणि एवढ्यानेही भागलं नाही तर रक्त. बाप छोट्या पल्ल्याचा होता, मग मुलाला २८०० मीटरचा दम कुठून यायचा? हा आबांचा प्रांत. ते कुठलाही घोडा तीन पिढ्यांशिवाय ओळखत नाहीत, आणि घोडीकडच्या नातेवाइकांबद्दल तर लग्न मोडण्याइतकी माहिती त्यांच्याकडे असते. त्यांनीच एकदा सांगितलं, की थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही. जोडा प्रत्यक्ष लागला तरच शिंगराची नोंद होते. बापू अवाक झाले. आमच्यापासून फार लांब नाही त्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बायफ’ ही संस्था काढली आणि पंचक्रोशीतल्या गाईंचं सगळं गोठवलेल्या रेताच्या कांड्यांवर आलं, हे बापूंनी लहानपणापासून बघितलेलं.

“म्हणजे गाईसाठी डॉक्टर वळू पिशवीत घालून फटफटीवर आणतो, अन् तुमच्या घोडीला ट्रकात बसवून सासरी न्यायचं?”

“न्यायचंच,” आबा म्हणाले. “आणि वेळेत न्यायचं. अकरा महिने धरावे लागतात. सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. डिसेंबरच्या ३१ला शिंगरू झालं तर दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं.”

विद्यार्थ्याला हा शुद्ध अन्याय वाटला. आबांना वाटला नाही. त्यांची स्वतःची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लावली होती. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. तेही सगळे एकाच दिवशी मोठे झाले आणि एकाच दिवशी निवृत्त.

एवढं सगळं होतं, पण एक वाक्य मी त्या बाकावर कधी ऐकलेलं नाही. ‘घोडा कमी पडला’ असं कोणी म्हणत नाही. जॉकी चुकला, ट्रेनरने सराव जादा दिला, माती ओली होती, शेजारच्या घोड्याने दाबला, सुरुवातीच्या फाटकात तो उगाच अर्धा मिनिट जास्त उभा राहिला. पण घोडा? घोडा काही हरला नाही. हे पुण्यात घडतं, हे लक्षात घ्या. मिसळीचा कट, मेट्रोचा जिना, सवाई गंधर्वातला नवोदित, सख्खा जावई, यांतल्या कोणालाही इथे सवलत मिळत नाही. गाणं बसलं नाही तर कोणी ‘हवेत ओल होती’ म्हणत नाही. थेट गुरूपर्यंत जातात. हे शहर उभ्या जन्मात ज्याच्यासाठी स्वतःहून सबब शोधतं असा जीव मला एकच आढळला, आणि त्याला चार पाय आहेत. मला वाटतं, आपला राग आणि आपले पैसे यांच्यामध्ये कोणीतरी निष्पाप असावं लागतं.

बैलांचंही तेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून बापूंचा आवाज वर चढलेला आहे. आमच्या जिल्ह्यात घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते. बारी चुकली की बापूंचा निकाल तयार: घोडी आडवी गेली, जुंपणी सैल होती, पब्लिक आत घुसलं. बैलाचा उल्लेखही नाही. घोडी मात्र तिथे दोषी ठरू शकते, यावर आबा चिडतात. घोड्याला दोष दिलेला त्यांना कुठल्याच शर्यतीत खपत नाही, मग ती बैलांची का असेना.

चर्चा तापली की आजचा घोडा मागे पडतो आणि प्रत्येक जण आपापला जुना घोडा बाहेर काढतो. काकांचा ठरलेला: सयाजीराव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी हा घोडा इंग्लंडात एक वर्षाचा असताना २८ हजार गिनींना घेतला. त्या काळचा तो विक्रम होता. आणि नाव ठेवलं आपल्या आजोबांचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, पण महाराजांनी ते तबेल्यापर्यंत नेलं. काकांची अडचण अशी, की ते घोड्याबद्दलही आदरार्थी बोलतात. १९४७ साली टू थाउजंड गिनीजमध्ये आणि मग एप्सम डर्बीतही घोड्याचा क्रमांक तिसरा. त्यामुळे काकांचं वाक्य होतं, “दोन्हीकडे सयाजीराव तिसरे.” विद्यार्थ्याला इतिहासाच्या पुस्तकातले सयाजीराव तिसरे आठवतात आणि तो विचारतो, की महाराज स्वतः पळाले होते का. पुढे त्याच वर्षी सयाजीरावांनी आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात, देश स्वतंत्र होऊन महिना होतो न होतो तोच, इंग्रजांची अस्सल सेंट लेजर डोंकास्टरला जाऊन मारली. इंग्रज इथून गेले आणि आमचे सयाजीराव तिथे जाऊन जिंकले, हे सांगताना काकांचा चहा नेहमी गार होतो.

विद्यार्थ्याचा घोडा स्क्वॉन्डरर. त्याच्या जन्माआधी कित्येक वर्षं तो धावून गेला, पण आकडे बघून माणूस प्रेमात पडू शकतो. १९७३ची पैदास, १९ शर्यती, त्यांत १८ जिंकलेल्या. आता अठरा विजयांवर बोलायला किती जागा आहे! पण टपरीवर बोललं जातं ते एकोणिसाव्याबद्दल. ती का गेली, कोणामुळे गेली, कशी जायला नको होती. अठरा वेळा कोणी चुकलं नाही, त्यामुळे त्यांत चर्चेला काही सापडत नाही.

आबांचा घोडा वेगळाच. त्यांनी स्वतः रात्री जागून ओढून काढलेलं एक शिंगरू. पाय अधू निघाला, रेसकोर्स बघायलाही गेलं नाही. आबांच्या मते त्याच्यासारखा घोडा या पट्ट्यात झाला नाही. त्याच्याविरुद्ध कोणाला काही बोलता येत नाही, कारण तो एकही शर्यत हरलेला नाही.

असे न धावणारे आणि थकलेले घोडे पूर्वी मुंबईला परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जात. घोड्याला विषाचा अगदी बारीक डोस टोचत नेला की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. धनुर्वाताचं, सर्पदंशाचं औषध त्या रक्तजलातून काढतात. घोडे आपले आणि औषध दुसरीकडे, हे बघून पूनावालांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली. त्यामुळे २०२१च्या जानेवारीत कोविशील्डचे ट्रक मांजरीतून निघाले तेव्हा आबांनी ते सरळ घोड्यांच्या खात्यावर जमा केले. कोविशील्डचा घोड्याच्या रक्ताशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्याने आकृती काढून समजावलं. आबांनी आकृती बघितली आणि म्हणाले, “पण पैसा कुणाचा?” पुढे दोन लशींतली कोणती चांगली, हा वाद त्याच बाकावर त्याच भाषेत झाला. एकीचा फॉर्म चांगला होता, दुसरीचं रक्त देशी होतं, आणि काका दोन डोसांतल्या अंतरावर घसरले.

पैशांचा विषय निघालाच म्हणून. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. हे विद्यार्थ्याने वाचून दाखवलं तेव्हा बाकावर मोठी शांतता पसरली. नशिबाने हरलो, हे घरी सांगता येतं.

“म्हणजे मी तीस वर्षं पैसे कौशल्याने घालवले?” काकांनी विचारलं.

“नियमित सरावाने,” आबा म्हणाले.

चहाचे पैसे कोणी द्यायचे, हे मात्र नियमाने ठरतं. हँडिकॅपमध्ये जो घोडा सरस, त्याच्यावर वजन जास्त. तसं ज्याची टिप लागली त्याने चहा पाजायचा. त्यामुळे परवा जिंकलेला घोडा आधीच आपल्या मनात होता, असं यंदा अजून एकानेही कबूल केलेलं नाही. बापूंना सगळ्यांनी घेरलं, तर ते म्हणाले, आपण घोड्यावर नाही, जमिनीवर बोललो होतो. काकांनी कोल उघडून दाखवलं, त्यांची खूण दुसऱ्याच घोड्यावर होती. खूण ताज्या शाईची होती, असं आबांचं मत पडलं. शेवटी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर रेसच्या सकाळी विजेत्याचं नाव टाकलेला संदेश सापडला आणि वजन त्याच्यावर चढलं.

“पण मला शिकाऊ जॉकीची सवलत पाहिजे,” तो म्हणाला. “नवीन आहे मी अजून.”

प्रश्न नियमाचा होता, त्यामुळे चौघेही गंभीर झाले. बऱ्याच खलानंतर त्याला दोन कटिंगची सूट मिळाली, क्रीमरोल मात्र पूर्ण वजनात धरायचं ठरलं.