कनातीबाहेरचा सिनेमा

मी सातारचा आणि माझी सासुरवाडी सांगलीची. एवढ्यावर जन्मभराची भांडणं सहज चालावीत, पण पाणी कुणाचं गोड, बोली कुणाची रांगडी वगैरे विषय आम्ही लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवाळ्यांतच संपवून टाकले. उरला फक्त सिनेमा, आणि तोही जुना. माझे थोरले मेव्हणे, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, त्यांच्या लेखी सिनेमा १९६० साली संपला. पुढं 'पिंजरा' आणि 'सामना' यांच्यासाठी त्यांनी ही मुदत १९७५ पर्यंत वाढवून दिली. त्यानंतर मुदतवाढीचे अर्ज घेणं बंद आहे.

वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, मी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीला उतरतो. हात-पाय धुऊन होतात न होतात तोवर दादा भडंगाचं ताट मधे ठेवतात. भडंगातला तळलेला लसूण ते एकेक करून आपल्या बाजूला ओढतात. लसूण संपला की वादाला तोंड फुटतं.

दादांची एक पद्धत आहे. विषय नर्गिसचा निघो नाहीतर निळूभाऊंचा, ते आधी १८४३ ला जाऊन येतात. त्या साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. "तेव्हा तुमच्या साताऱ्यात काय चाललं होतं, दाजी?" साताऱ्यात तेव्हा छत्रपतींच्या गादीची शेवटची पाच वर्षं चालली होती. पण तो विषय भडंग खाता खाता काढण्यासारखा नाही, म्हणून मी गप्प बसतो. हे मौन म्हणजे पहिला डाव जिंकला, असं दादा धरून चालतात.

मग ते पत्ते टाकायला लागतात. गदिमा, जन्म शेटफळे, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. धाकटे व्यंकटेश माडगूळकर, त्याच मातीतले. राजा परांजपे, मिरज. 'पिंजरा'चे संगीतकार राम कदम, तेही मिरज. आशाबाईंचा जन्म सांगलीचा, १९३३. मास्टर दीनानाथांनी नाटक कंपनीच्या जोडीला 'बलवंत पिक्चर्स' काढली ती सांगलीत, आणि 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट केला तो १९३४ साली. शेवटी बालगंधर्व. हे नाव घेताना दादा बसल्या जागी थोडे सरळ होतात. "नागठाणे, दाजी. जिल्हा सांगली."

इथं मला थोडी फट सापडते. नागठाणे नावाचं गाव साताऱ्याजवळ हमरस्त्यावरही आहे. मी एकदा भाच्याला मोबाइलवर नकाशा उघडायला लावला, तर पहिलं नागठाणे आमचंच आलं. "बघा," मी म्हणालो. दादांनी मोबाइलकडं पाहिलंसुद्धा नाही. "गंधर्वांनी पत्ता त्या डबड्याला विचारून जन्म घेतला नव्हता," म्हणाले. खरं तर बालगंधर्वांचं नागठाणे पलूस तालुक्यातलंच, हे मलाही ठाऊक आहे. पण ठाऊक असलेलं सगळं सासुरवाडीत बोलायचं नसतं.

माझ्या हातात पत्ते दोनच, पण दोन्ही हुकुमाचे. एक डॉक्टर श्रीराम लागू, जन्म सातारा, १९२७. दुसरे राजा गोसावी, गाव सिद्धेश्वर कुरोली, तालुका खटाव. लागूंचं नाव काढलं की दादा हरकत घेत नाहीत. 'पिंजरा'तल्या मास्तरापुढं हरकत घेणं त्यांना जमत नाही. मात्र एकदा मी सहज बोलून गेलो की 'पिंजरा'च्या गोष्टीची मुळं १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन सिनेमात आहेत. तेव्हा ते पाच मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत. हेच दादा २००३ साली 'बागबान' बघायला गेले होते. म्हाताऱ्या आईबापांची पोरांनी वाटणी केलेली पडद्यावर दिसताच भर थेटरात "अरे हा तर आपला 'ऊन पाऊस'!" असं ओरडले होते. पुढच्या रांगेतल्या कुटुंबानं वळून बघितलं. राजा परांजप्यांचा 'ऊन पाऊस' १९५४ चा. दुसऱ्यानं घेतली की ती उचलेगिरी आणि आपण घेतली की स्फूर्ती, या न्यायावर जुन्या सिनेमाचे सगळेच रसिक जगतात. मीही.

राजा गोसाव्यांचं मात्र वेगळं. ते आम्हा दोघांनाही आपले वाटतात. पुण्यात 'भानुविलास'च्या तिकीटबारीवर हा माणूस बसायचा. आपणच काम केलेल्या सिनेमाची तिकिटं त्यानं आपल्याच हातानं लोकांना फाडून दिली, ही गोष्ट पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात. मला त्या बारीपुढच्या लोकांचं नवल वाटतं. तिकीट घेऊन आत जायचं, दिवे मालवायचे, आणि मघाशी सुट्टे पैसे मागणारा माणूस पडद्यावर दिसायचा. त्यातल्या एखाद्यानं तरी मध्यंतरात बाहेर येऊन बारीत वाकून बघितलंच असेल.

गेल्या दिवाळीत मी एक नवा पत्ता घेऊन गेलो होतो. खरं म्हणजे तो पत्ता नव्हता, अख्खा जोडच होता. दादांची यादी आशाबाईंपर्यंत आली तेव्हा मी शांतपणे विचारलं, "दादा, सांगली जिल्हा कधीपासून?"

"म्हणजे?"

"म्हणजे सांगली हे नाव जिल्ह्याला कधी मिळालं?"

दादा गप्प. मी पुढं सरकलो. १९४९ साली संस्थानांचा मुलूख आणि सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके एकत्र करून नवा जिल्हा झाला. त्याचं नाव होतं 'दक्षिण सातारा'. सांगली हे नाव त्याला मिळालं १९६० मध्ये. म्हणजे राजा परांजपे, गदिमा आणि बाबूजी या तिघांनी 'लाखाची गोष्ट' केली त्या १९५२ साली मिरज, शेटफळे, तासगाव, एवढंच काय, आपण बसलोय हा सोपासुद्धा दक्षिण साताऱ्यात. दादांचा सगळा सुवर्णकाळ माझ्या जिल्ह्याच्या नावाखाली पार पडला होता.

दादा बराच वेळ भडंगातले शेंगदाणे मोजत राहिले. मग म्हणाले, "मग पेढे आणायची काय गरज होती? घरचेच की."

एवढ्यात माजघराच्या उंबऱ्यावरून आवाज आला, "कशापायी भांडताय दोघं?"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. कान शाबूत, गुडघे गेलेले. आमचे हे वाद त्या तीस वर्षं ऐकत आल्या आहेत आणि त्यात कधी एक शब्दही घातलेला नाही. त्या दिवशी घातला.

"आमचं माहेर आटपाडीकडचं. तवा तिकडं ना सातारा व्हता ना सांगली. आमी औंधाची माणसं. आन् माडगूळकर बी औंधाचंच. मग त्यो सिनेमा तुमचा दोघांचा कसा?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं, मी दादांकडं. आटपाडीचा भाग खरंच औंध संस्थानात होता. गदिमा शिकायला औंधला होते. 'दो आँखें बारह हाथ'मधली उघडी वसाहत ज्यावरून सुचली, ते आटपाडीजवळचं कैद्यांचं स्वतंत्रपूरही औंधाच्याच राजानं १९३९ साली वसवलेलं. आणि औंध आज माझ्या साताऱ्यात, त्याच खटाव तालुक्यात, जिथलं राजा गोसाव्यांचं कुरोली. हा मुद्दा माझ्या ओठापर्यंत आला होता. पण आईंनी हातातली पाकळी खाली ठेवली होती. त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं.

"लाखाची गोष्ट म्या ऐकलाय," त्या म्हणाल्या.

"बघितलाय," दादांनी दुरुस्ती केली.

"ऐकलाय. बघितला न्हाई."

खरसुंडीची जत्रा. सिद्धनाथाची. खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो तिथं. आईंचे वडील खोंड विकायला न्यायचे आणि गाडीत लेकरं घालून न्यायचे. आई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या असतील. गाडी सोडायची जागा ठरलेली, आणि त्या वर्षी नेमकी त्या जागेला लागून सिनेमाचा तंबू पडला. तंबूच्या कनातीला गाडीची धाव लागेल इतकं अंतर. आत तिकीट काढून गर्दी, बाहेर गाडीत कडब्यावर पडलेली ही पोर. वडिलांनी सांगून ठेवलेलं, खोंडाचा पैका अजून हातात आला नाही, सिनेमा-बिनेमा काही नाही. मग काय करणार. जत्रेचे चारही दिवस रोज रात्री दोन खेळ, आणि प्रत्येक खेळाला तोच सिनेमा. कनातीला डोळा असतो तसा कानही असतो, आणि कानाला तिकीट नसतं.

"इंजन धडधडायचं एका अंगाला," आई सांगत होत्या. "रीळ सरलं की सगळं गप. मग आतली माणसं शिट्ट्या घालायची. मग पुन्ना बोलणं सुरू. मधीच बैल मान हलवायचा, त्याच्या घुंगराच्या पट्ट्यात एखादं वाक्य जायचं. ते दुसऱ्या खेळाला गावायचं."

तिसऱ्या रात्रीपर्यंत त्यांना सगळं तोंडपाठ झालं होतं. कोण काय म्हणणार, गाणं कुठं लागणार. आणि आतली माणसं कुठं हसणार हेही. एक जागा मात्र अशी होती की तिथं कुणी काहीच बोलत नसे आणि तरी तंबू फुटेल इतका हसायचा. गप्प, गप्प, आणि मग एकदम खसाखसा. आईंनी आठ खेळ त्या जागेची वाट बघितली. घरी येताना वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, काहीतरी माकडचेष्टा असंल. पुढं लग्न झालं, सांगलीला आल्या, संसार, पोरं, नातवंडं. घरात टीव्ही आला, केबल आली. पण हा सिनेमा लावा असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही, आणि लावू का असं विचारायचं आम्हा दोघा रसिकांना कधी सुचलं नाही. आम्ही जन्मगावं मोजत होतो.

भाच्यानं तिथल्या तिथं मोबाइलवरून टीव्हीला जोडून 'लाखाची गोष्ट' लावला. आईंना खुर्ची दिली. चित्र सुरू झालं आणि आईंनी डोळे मिटून घेतले. झोप लागली म्हणून दादांनी खुणेनं सांगितलं, बंद कर. "चालू दे की," आई डोळे न उघडता म्हणाल्या. सवयच तशी पडलेली. थोडा वेळ तसंच ऐकलं. मग राजा गोसाव्यांचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे उघडून पडद्याकडं नीट बघितलं.

"ह्यो व्हय त्यो?"

"हो आई. राजा गोसावी."

"मला वाटलं व्हतं उंच असंल."

दादांना हसू आवरेना. मला आवरलं, कारण जावयाला आवरावं लागतं. आईंचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. सत्तर वर्षं मनात एक उंचेला माणूस वागवला होता, त्याला आता त्या हळूहळू कापून पडद्याच्या मापात बसवत होत्या. लाख रुपये ठरल्या मुदतीत उधळून टाकायचे आहेत आणि ते काही केल्या संपत नाहीत, ही गोष्ट त्यांना शब्दाशब्दानं पाठ. पात्रानं तोंड उघडायच्या आत यांचे ओठ हलायचे. मधेच त्यांनी हात वर केला.

"थांबा. आता हसत्यात."

आम्ही सगळे गप्प झालो. पडद्यावरही कुणी बोलत नव्हतं. पाच-सात सेकंदांचा प्रकार. कोणता प्रसंग ते मी इथं लिहीत नाही, सिनेमा उपलब्ध आहे, तुम्हीच शोधा. दादा हसले, भाचा हसला, मीही हसलो. आई मात्र हसल्या नाहीत. डोळे बारीक करून त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत बघितलं, आणि म्हणाल्या, "आसं हाय व्हय."

मग भाच्याला म्हणाल्या, "पुन्ना लाव रं तेवढं."

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, लसणाची टोपली मांडीवरून खाली येईपर्यंत. पाकळ्या सोपाभर झाल्या. दादा, जे भडंगातलाही लसूण सोडत नाहीत, ते गुडघ्यावर बसून पाकळ्या वेचत होते, आणि मी पलंगाखाली हात घालून त्यांना मदत करत होतो. सिद्धेश्वर कुरोली कुठल्या तालुक्यात, हे त्या संध्याकाळी पुन्हा कुणी काढलं नाही.

येत्या मे महिन्यात 'सांगत्ये ऐका' लावायचं ठरलंय. अनंत मान्यांचा, १९५९ चा. पुण्यात 'विजयानंद'ला तो अडीच वर्षं चालला. आईंनी तो लग्नाआधीच्या शेवटच्या जत्रेत ऐकला, पण अर्धाच. वळीव आला, इंजन बंद पडलं, आणि वडिलांनी रात्रीच गाडी जुंपली. पुढं काय होतं ते त्यांना अजून माहीत नाही. मी जाईपर्यंत दादांनी ते सांगू नये, अशी ताकीद देऊन मी सातारची गाडी धरली.