आमटीचा पासपोर्ट

आमच्या घरची आमटी माझ्यापेक्षा जास्त हिंडलेली आहे. माझी धाव लातूर-पुणे गाडीपर्यंत. आमटीतली डाळ मात्र बऱ्याचदा मोझांबिकच्या नाकाला बंदरात जहाजावर चढलेली असते. फोडणीतलं पामतेल इंडोनेशियाचं. मीठ गुजरातचं. शेजारची पोळी रेशनच्या गव्हाची, म्हणजे पंजाब नाहीतर मध्य प्रदेश. हिंग अफगाणिस्तानचा, पण त्याला या यादीतून वगळू. तो आजोबांच्या वेळीही काबूलकडूनच यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पाणी तेवढं स्थानिक. तेही 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने आलं होतं.

अशी ही बहुदेशीय आमटी ओरपताना खिडकीतून बाहेर पाहावं, तर समोर शेत. शेतात काय उभं आहे? तूर.

याला प्रगती म्हणतात. आमचे पूर्वज फारच मागासलेले होते. खरिपात ज्वारीच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ, मधे मूग-उडीद, कडेनं अंबाडी. रब्बीच्या ज्वारीला भोवताली करडईचं कुंपण. काटेरी असल्यामुळे जनावर आत शिरत नसे आणि वर तेलही मिळे. करडई गावातल्याच घाण्यावर जाई, पेंड म्हशीपुढे पडे, कडबा बैलांपुढे, धान्य पेवात नाहीतर बळदात. या साऱ्या व्यवहारात कुठे पावती नाही, कर नाही, ट्रक नाही, गोदामाचं भाडं नाही. देशाच्या सकल उत्पन्नात त्या माणसांनी काय भर घातली? काही नाही. नुसते जेवले.

तुरीची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण इतका करमणूकप्रधान धान्यप्रकार दुसरा नाही. 2015 साली तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडली. शहरातल्या आमट्या पातळ झाल्या आणि दिल्लीतल्या बैठका दाट. इलाज दोन निघाले. एक, देशातल्या शेतकऱ्यांना सांगायचं की बाबांनो, तूर पेरा. दोन, मोझांबिकशी करार करायचा. जुलै 2016 मध्ये तो झाला: पाच वर्षं तूर आणायची, एक लाख टनांपासून सुरुवात करून दोन लाख टनांपर्यंत. दुर्दैव असं, की दोन्ही इलाज एकदमच लागू पडले. त्यात पाऊसही चांगला झाला. आमच्या हवामानाला सरकारी धोरण कळत नाही.

मग 2017 साल उजाडलं. हमीभाव बोनस धरून 5,050 रुपये क्विंटल, आणि मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, भाव चार हजारांच्या खाली. साहजिकच सगळी तूर खरेदी केंद्राकडे वळली. केंद्रावर काटा होता, चाळणी होती, साहेबही होते, बारदाना नव्हता. अवघ्या महाराष्ट्राच्या शेतीचं घोडं पोत्यापाशी अडलं. उघड्यावर तुरीचे ढीग, ढिगाशेजारी अंथरूण, अंथरुणावर शेतकरी आणि वर एप्रिलचं ऊन. आधुनिक शेतीत माणूस पिकाच्या इतका जवळ क्वचितच येतो.

आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये. म्हणजे आमची तूर विकून, पैसे सावकाराला पोचवून, पुढची पेरणी उगवून वर आल्यावर. ती बातमी ऐकून गावात आनंद व्हायला हवा होता. तो न होण्याचं कारण मला नंतर मोझांबिकबद्दल वाचताना कळलं. तिथे तूर फारशी कुणी खातच नाही. ती पेरायची भारतासाठी. भारत घेणार म्हणून तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, भारताने दार लोटून घेतलं आणि त्यांचा भाव कोसळला. पुढे मे 2021 मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली, 2023 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांच्या भांडणात तूर बंदरातच अडकली, आणि हा संसार असाच चालू आहे.

तेव्हापासून मोझांबिकच्या त्या शेतकऱ्याला मी व्याही मानतो. तो जी तूर पेरतो ती त्याच्या चुलीवर शिजत नाही. आम्ही जे सोयाबीन पेरतो ते आमच्या चुलीवर शिजत नाही. त्याने आमच्यासाठी राबायचं, आम्ही कुठल्या तरी कुक्कुटपालनातल्या कोंबड्यांसाठी राबायचं, आणि दोघांनीही दिल्लीकडे बघत बसायचं. पाऊस निदान आधी ढग तरी दाखवतो. अधिसूचना रात्रीतून कोसळते.

सोयाबीनबद्दल वाईट बोलायचं नाही असा आमच्याकडे अलिखित नियम आहे, आणि त्याला कारण आहे. शंभर-एकशेदहा दिवसांत पीक निघतं, मागे हरभरा होतो, दिवाळीला हातात रोकड येते. पोरीची फी, दवाखाना, दुकानदाराची उधारी ज्वारीने भागत नाही. हे समजून न घेता पुण्याहून येऊन ‘तुम्ही पारंपरिक पिकं का सोडलीत?’ असं विचारणाऱ्यांना आमच्याकडे पाणी देतात, चहा देत नाहीत.

पण सोयाबीनचा स्वभाव असा, की ते घरात राहत नाही. ज्वारीला भाव नव्हता तर ज्वारी खाता यायची. तूर पडून राहिली तर जात्यावर भरडून डाळ व्हायची. सोयाबीनला भाव नसला तर? पोतं घरात ठेवून त्याच्याकडे बघता येतं, एवढंच. ऑगस्ट 2021 मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला. गावात पोरं ट्रॅक्टरचे फोटो बघू लागली. त्याच महिन्यात कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आणायला परवानगी मिळाली आणि आमचा माल मोंढ्यात यायच्या आत भाव उतरले. ज्या पिकात जनुकबदल बियाणं पेरायला बंदी, त्याच पिकाची जनुकबदल पेंड आणायला मुभा. कोंबडीचा शब्द मोठा.

2024 ला हमीभाव 4,892 होता. मोंढा त्याच्या खाली. खरेदी केंद्र म्हणालं, आणा की माल, फक्त ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरात सोयाबीन काढतानाच परतीचा पाऊस गाठतो, आणि पहाटे दव पडतं ते वेगळंच. आमच्या एका चुलत्याने सोयाबीन अंगणात वाळवलं, गच्चीवर वाळवलं, शेवटी पंखा लावून वाळवलं. केंद्रावर यंत्र म्हणालं, तेरा. ‘साहेब, माणसाच्या अंगात साठ टक्के पाणी असतं म्हणे, त्याला कुणी परत पाठवत नाही,’ असं चुलते म्हणाले. साहेब हसले. ओलाव्याची अट पंधरा टक्क्यांवर नेली, ती विधानसभेचं मतदान तोंडावर आल्यावर. तोवर गरजूंचा बराच माल आडत्याच्या गोदामात वाळलाही होता.

आता कुणी म्हणेल, तुम्ही सगळं जुनं तेवढं सोनं म्हणणारे. तसं नाही. बहात्तरच्या दुष्काळाची माणसं अजून आमच्यात आहेत. खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली, अमेरिकेचा तांबडा मिलो भाकरीला थापलेली. पेव-बळदाचं कौतुक त्यांच्यासमोर करून बघा. पेवात धान्य असलं तर पेव. नाहीतर तो जमिनीतला खड्डाच. आणि ते पेव गावातल्या प्रत्येकाच्या वाड्यात नव्हतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक आहे. 1964 ला संकरित ज्वारी आली, मागाहून बुटका गहू आला, आणि लोकांची पोटं भरली. त्या हायब्रीडची भाकरी कुणाला आवडली नाही, बुटक्या ताटांचा कडबा बैलांच्या पसंतीला उतरला नाही, काढणीच्या वेळी पावसात सापडली की कणसं काळी पडायची. तरी ती होती. उपाशी माणसाला चवीचं प्रवचन देणाऱ्यांपैकी मी नाही.

दुखणं पुढे झालं. पोट भरल्यावर ताटाकडे वळून बघायचं राहून गेलं. रेशनवर गहू-तांदूळ आले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, गहू दोन रुपये, तांदूळ तीन, आणि भरडधान्य एक रुपया. जानेवारी 2023 पासून सगळं फुकट. कायद्यात भरडधान्य आहे, पण आमच्या दुकानात पोतं उघडलं की बहुतेक वेळा निघतो गहू, निघतो तांदूळ. ज्वारी सरकार क्वचितच घेतं म्हणून फारसं कुणी पेरत नाही, आणि फारसं कुणी पेरत नाही म्हणून सरकार क्वचितच घेतं. आमच्याकडून सीमा ओलांडून बिदरकडे गेलं की कर्नाटक. त्या सरकारने रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिलेली आहे. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य नसावं.

परिणाम असा, की गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी कित्येकदा गव्हापेक्षा महाग झाली. मालदांडीची भाकरी परवडते ती शहरात, मधुमेह झाल्यावर. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्वारी-बाजरीचं नाव ‘श्री अन्न’ पडलं. नावाच्या आधी श्री लागला की आमच्याकडे समजतात, आता सत्कार होणार, पगार नाही. सत्कार झाले. ज्वारीचे पोहे, ज्वारीचा पिझ्झा, ज्वारीची बिस्किटं. थंडीत हुरडा पार्ट्या: पुण्या-मुंबईची मंडळी मोटारीने येतात, आगटीभोवती बसतात, गुळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि दही चाखतात आणि निघताना विचारतात, ‘तुम्ही रोज हेच खाता ना? किती भाग्यवान!’ त्या वेळी यजमानांच्या स्वयंपाकघरात पाकीटबंद नूडल्स शिजत असतात, कारण मुलं दुसरं काही खात नाहीत. गावचा घाणा बंद पडला तो पडलाच; ‘लाकडी घाण्याचं तेल’ ही पाटी कोथरूडला लागली.

मागे 2024 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे, चेष्टा करत नाही. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळालं. फक्त इतकंच, की मानांकनाने डाळीला नाव मिळतं, गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक तर गावातच बसलेलं असतं, दररोज, अकरा वाजता, ताटली घेऊन.

शाळा. गावात सगळ्यात मोठी खानावळ जिल्हा परिषदेची. शेकडो मुलं, वर्षाचे दोनशेवर दिवस, ठरलेला पदार्थ, ठरलेलं वजन. एवढं भरवशाचं गिऱ्हाईक मोंढ्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला मिळालं तर तो सत्यनारायण घालेल. पण खिचडीचा तांदूळ येतो अन्न महामंडळाच्या गोदामातून आणि डाळ-तेल-मसाला येतो निविदा जिंकलेल्या ठेकेदाराकडून. शाळेच्या परसबागेत गावाने कोथिंबीर लावायची मात्र सक्त सूचना आहे. कोथिंबीर स्थानिक असावी, यावर सगळ्यांचं एकमत.

ब्राझीलने 2009 साली कायदा केला: शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला निदान तीस टक्के वाटा कुटुंबशेतीतल्या मालावर खर्च व्हावा, असं तेव्हा ठरलं, आणि त्यासाठी नेहमीच्या निविदेची अट नाही. हा तोच ब्राझील, जो जगात सगळ्यात जास्त सोयाबीन विकतो आणि ज्याच्या पिकाचा अंदाज आला की आमच्या मोंढ्यात भाव हलतो. जगाला सोयाबीन विकून पोरांच्या ताटात शेजारच्या शेतातलं वाढायचं, हे त्यांना एकाच वेळी जमतं.

या कायद्याचे कागद घेऊन मी एका साहेबांकडे गेलो. मागणी अगदी किरकोळ होती: बचत गटाकडे छोटी डाळ गिरणी आहे, शाळेच्या भिंतीला लागून तुरीचं शेत आहे, तेव्हा आमच्या एका शाळेपुरती डाळ गावातून घ्या.

साहेबांनी सगळं नीट वाचलं. माणूस चांगला होता.

‘कल्पना उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘पण या नमुन्यात वाहतुकीचा रकाना आहे. तिथे काय लिहू?’

‘काही लिहू नका. भिंतीपलीकडूनच यायचं आहे.’

‘रिकामा सोडता येत नाही.’

‘मग शून्य लिहा.’

‘शून्य लिहिलं की लेखापरीक्षक विचारणार, डाळ आली कशी? गाडीचा नंबर नाही, पावती नाही, अंतर नाही. याचा अर्थ डाळ आलीच नाही. वसुली माझ्या पगारातून.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच विचार केला. मनापासून मार्ग काढायची इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

‘असं करा,’ ते हळूच म्हणाले, ‘तुमची तूर एकदा न्हावाशेवा बंदरात नेऊन आणा. मग बघू.’